परीक्षा संपल्यापासून पहिल्या मॅचपर्यंत: कॉलेजच्या बास्केटबॉल खेळाडूंसाठी बारा आठवड्यांचं काम

शेवटचा पेपर झाला की ठाण्या-नवी मुंबईतली कॉलेजची मुलं-मुली संध्याकाळी सोसायटीच्या नाहीतर सेक्टरच्या गार्डनमधल्या कोर्टवर जमतात, दोन टीम पाडतात आणि अंधार पडेपर्यंत मॅच खेळतात. मजा येते, घाम निघतो, पण कॉलेज उघडतं तेव्हा डावा हात होता तितकाच कच्चा असतो आणि फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारा मोकळा शॉट) होता तसाच रिंगच्या पुढच्या कडेवर आपटतो. याचं कारण साधं आहे. तासभराच्या हाफ कोर्ट मॅचमध्ये एकाच्या वाट्याला जेमतेम दहा-पंधरा शॉट येतात, आणि मॅचमध्ये प्रत्येकजण जे जमतं तेच करतो. उजवीकडून घुसणारा उजवीकडूनच घुसतो. न जमणारी गोष्ट हजार वेळा करायला मॅचमध्ये जागाच नसते, ती जागा फक्त सुटीत मिळते.

म्हणून या बारा आठवड्यांत प्रत्येकाने दोनच गोष्टी दुरुस्त करायला घ्यायच्या. पाच गोष्टी घेणाऱ्याचं ऑगस्टपर्यंत एकही काम पुरं होत नाही.

कोणत्या दोन?

स्कोअरशीटवर पॉइंट आणि फाउल दिसतात. चुकलेला शॉट कुठून मारला होता, बॉल कसा गेला, कोणाला बॉक्स आऊट करायचं (रिबाउंड म्हणजे चुकलेल्या शॉटचा परतलेला बॉल घेताना पाठीने अडवायचं) राहिलं, हे त्यावर दिसत नाही. गेल्या सीझनच्या कुठल्याही दोन मॅचचं मोबाइलवर काढलेलं शूटिंग मिळवा आणि वही घेऊन बसा. फक्त स्वतःकडे बघा. चार रकाने पुरतात: शॉट कुठून घेतला आणि गेला का, बॉल गमावला तर कशामुळे, रिबाउंडच्या वेळी आपला माणूस पाठीवर घेतला का, आणि ड्राइव्ह (ड्रिबल करत रिंगकडे घुसणं) कुठल्या बाजूने केला. दोन मॅच पाहून झाल्या की चित्र लपत नाही. नऊपैकी आठ ड्राइव्ह उजवीकडून असतील तर समोरच्या डिफेन्डरने हे पहिल्या क्वार्टरमध्येच ओळखलेलं असतं. उंच खेळाडू रिबाउंड घेऊन बॉल कमरेपर्यंत खाली आणत असेल तर गार्ड येऊन तो हिसकावणारच.

शूटिंग नसेल तर सरांना आणि टीममधल्या दोघांना वेगवेगळं गाठून एकच प्रश्न विचारा: "माझ्याविरुद्ध खेळायचं असेल तर तू काय करशील?" तिघांच्या उत्तरांत जे सारखं येईल ते तुमचं पहिलं काम.

दोन गोष्टींपैकी एक हाताची असावी (शॉट, ड्रिबल, फिनिश म्हणजे रिंगजवळून बॉल टाकणं) आणि एक पायांची (उडी, बाजूला सरकण्याचा वेग, घोटा, दम). सगळं हाताचंच घेतलं तर चौथ्या क्वार्टरमध्ये पाय संपतात, आणि पाय संपले की शॉटही संपतो.

आधी रिंग मोजा

सोसायटीच्या किंवा गार्डनच्या कोर्टवर सराव करणार असाल तर पहिल्या दिवशी दहा मीटरचा मेजरिंग टेप, खडू आणि ओळंबा (दोरीला बांधलेला नट चालतो) घेऊन जा. रिंगची वरची कड जमिनीपासून ३.०५ मीटरवर हवी. मुलं लटकून लटकून रिंग पुढे वाकलेली असते, किंवा पेव्हर ब्लॉक नव्याने टाकताना जमीनच वर आलेली असते. पाच-सात सेंटिमीटर कमी असलेल्या रिंगवर तीन महिने शॉट बसवला तर स्पर्धेच्या हॉलमध्ये सगळे शॉट आखूड पडतात आणि बिघडलंय काय ते कळत नाही. रिंग बदलणं हातात नसेल तर त्या कोर्टवर ड्रिबल आणि फिनिश करा, शॉटसाठी दुसरं कोर्ट शोधा.

रेषाही पुसलेल्या किंवा मनाने मारलेल्या असतात. रिंगच्या मध्यातून ओळंबा सोडा आणि तो टेकेल तिथे खडूने फुली करा. तिथून सरळ पुढे ४.२२ मीटरवर फ्री थ्रो लाइन येते आणि त्याच फुलीपासून ६.७५ मीटरच्या त्रिज्येने थ्रीची (तीन पॉइंटच्या शॉटची) कमान. कोपऱ्यात थ्रीची रेषा साइडलाइनपासून ९० सेंटिमीटर आत असते, म्हणून तिथे अंतर ६.६० मीटरच भरतं. कोपऱ्यातला थ्री सगळ्यात जवळचा, हे कित्येक खेळाडूंच्या लक्षातच येत नाही.

बॉलही तपासा. मुलांसाठी ७ नंबर, मुलींसाठी ६ नंबर. मुलींनी कोर्टवर पडलेला मुलांचा बॉल उचलून शॉटचा सराव करू नये. मोठा आणि जड बॉल ढकलायला कोपर बाहेर जातं आणि तीच सवय हातात बसते. हवा पुरेशी आहे का हे बघायला बॉल डोक्याच्या उंचीवरून, साधारण १.८ मीटरवरून, नुसता सोडा. उसळून कमरेच्या जरा वर आला की ठीक. पंपाची सुई कोरडी घालू नका, थेंबभर पाणी लावून घाला, नाहीतर आतला व्हॉल्व्ह फाटतो. उघड्या सिमेंटवर रबरी बॉल वापरा. हॉलमधला चांगला बॉल तिथे महिन्याभरात गुळगुळीत होतो.

शॉट

रिंगचा व्यास ४५ सेंटिमीटर आणि बॉलचा साधारण २४. सरळ वरून पाहिलं तर जागा भरपूर आहे. पण बॉल तिरका येतो. ४५ अंशांत खाली येणाऱ्या बॉलला ही जागा ३२ सेंटिमीटरच दिसते आणि ३० अंशांत आला तर साडेबावीस, म्हणजे बॉलपेक्षाही कमी. तो स्वच्छ आत जाऊच शकत नाही, कडेला लागून नशिबाने गेला तर गेला. सपाट शॉट मारणाऱ्याची टक्केवारी वाढत नाही ती यामुळे. मित्राला बाजूला साइडलाइनवर उभं करून मोबाइलवर दहा शॉट टिपा. बॉलची सर्वांत वरची जागा बोर्डाच्या वरच्या कडेच्या आसपास किंवा खाली असेल तर कमान कमी आहे. उपाय म्हणून मित्राला तुमच्यासमोर दीड मीटरवर झाडू उभा धरून हात वर करायला सांगा आणि झाडूच्या वरून शॉट मारा. आठवडाभरात हाताला उंची कळते.

रोजची सुरुवात रिंगपासून एक मीटरवरून, एका हाताने. बॉल बोटांच्या पेरांवर, तळहात आणि बॉल यांच्यामध्ये एक बोट आत जाईल इतकी फट. कोपर बॉलच्या खाली. गुडघे आधी, हात मागून. सोडल्यावर मनगट खाली पडलेलं आणि बॉल रिंगला टेकेपर्यंत हात तसाच वर. असे २५ शॉट पडेपर्यंत मागे सरकायचं नाही. मोजायचे ते पडलेले शॉट, मारलेले नाहीत. मग दुसरा हात फक्त आधाराला लावून दोन मीटरवरून २५. त्यानंतर चार मीटरवर पाच जागा: दोन्ही कोपरे, दोन्ही पंख (कोपरा आणि मध्य यांच्या मधल्या जागा), मधोमध. प्रत्येकी दहा शॉट.

चार मीटरवरून ५० पैकी ३० सलग तीन दिवस पडले तरच थ्रीच्या रेषेकडे जा. ही अट कडक वाटेल, पण ती पाळा. सहा-सात मीटरवर ताकद कमी पडली की शरीर आपोआप वाकडं होतं: बॉल खांद्यापासून ढकलला जातो, पाठ मागे जाते, आणि महिन्याभरात जवळचा शॉटही बिघडतो.

कुठे चुकतोय ते लिहा, नुसतं "चुकला" लिहू नका. उजव्या हाताने मारणाऱ्याचा बॉल पुन्हा पुन्हा उजवीकडे जात असेल तर आधाराचा डावा अंगठा शेवटच्या क्षणी ढकलतोय का ते बघा. त्या हाताच्या अंगठ्याला आणि तर्जनीला मिळून हलकी चिकटपट्टी लावून २० शॉट मारले की लगेच समजतं. डावीकडे जात असेल तर बहुतेक वेळा उजवं कोपर बाहेर उघडलंय. सरळ पण आखूड पडत असतील तर हात ठीक आहेत, पाय वाकत नाहीत किंवा दमलेत. सरावाच्या शेवटच्या दहा मिनिटांत सगळे शॉट आखूड पडू लागले की त्या दिवसाचा शॉटचा सराव तिथेच थांबवा. थकलेल्या पायांवर चुकीचीच सवय पक्की होते.

फ्री थ्रो वेगळे मारा आणि जोडीने मारा. एका जागी उभं राहून सलग ५० मारले तर विसाव्यानंतर हात आपोआप चालतो, पण मॅचमध्ये दोनच मिळतात आणि तेही धापा टाकत असताना. म्हणून कोर्टची एक फेरी जोरात धावून यायचं, लगेच दोन मारायचे आणि पुन्हा धावायचं. अशा दहा जोड्या. रेफ्रीने बॉल दिल्यापासून पाच सेकंदांत शॉट सुटायला हवा, तेव्हा तुमची ठरलेली पद्धत (दोन टप्पे, एक श्वास, नजर रिंगवर) तीन-साडेतीन सेकंदांत बसली पाहिजे. दर रविवारी धावणं-जोड्यांच्या पद्धतीने ५० फ्री थ्रो मारा आणि किती पडले तो आकडा टीमच्या ग्रुपवर टाका. सगळ्यांचा आकडा सगळ्यांना दिसला की दांडी मारायला लाज वाटते, आणि ती वाटलेली बरी.

डावा हात आणि रिंगखालचं काम

ड्रिबलला कोर्ट लागत नाही, पावसाळ्यात इमारतीखालच्या स्टिल्ट पार्किंगमध्येही काम होतं. मात्र दुपारी दोन ते चार तिथे बॉल आपटू नका. वरच्या मजल्यावरच्या आजींची झोप मोडली की सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय निघतो आणि जागा कायमची जाते. कार धुवायच्या जागेवर जुनं रबरी पायपुसणं टाकून त्यावर ड्रिबल केलं की आवाज बराच कमी होतो.

रोज दहा मिनिटं, त्यातली सात फक्त कमकुवत हाताची. गुडघ्याच्या उंचीचं जोरदार ड्रिबल ३० सेकंद, १५ सेकंद थांबा, असं सहा वेळा. मग पुढे-मागे ओढून, मग पायांमधून. बॉल तळव्यावर बसतोय का ते आवाजावरून कळतं: "थप्प" आवाज आला तर तळवा, कोरडा "टक" आला तर बोटं. डोकं वर राहावं म्हणून समोर मित्राने सतत बोटं दाखवायची आणि तुम्ही आकडा मोठ्याने सांगायचा. चौथ्या आठवड्यापासून एका हातात बास्केटबॉल आणि दुसऱ्या हातात टेनिस बॉल: ड्रिबल चालू ठेवत टेनिस बॉल उडवून झेलायचा. पहिले तीन दिवस दोन्ही बॉल पार्किंगभर पळतील. चौथ्या दिवशी हात आपोआप जागा धरू लागतो.

फिनिशसाठी मिकन ड्रिलइतकं सोपं आणि उपयोगी दुसरं काही नाही. रिंगखाली उभं राहून उजवीकडून उजव्या हाताने, बॉल जमिनीवर न टेकवता लगेच डावीकडून डाव्या हाताने, असं एक मिनिट. उजव्या हाताने टाकताना डाव्या पायावर उडी, डाव्या हाताने टाकताना उजव्या पायावर. बॉल हनुवटीच्या खाली आणायचा नाही. एका मिनिटात वीस पडले की तेच काम पाठ रिंगकडे करून करा. रिबाउंडनंतर बॉल खाली आणण्याची उंच खेळाडूंची सवय याच ड्रिलने सुटते.

एक सावधगिरी. मोबाइलवरच्या क्लिप बघून बसवलेले स्टेपबॅक (मागे पाऊल घेऊन शॉट) आणि युरोस्टेप (दोन पावलांत दिशा बदलून घुसणं) आपल्या स्पर्धांत ट्रॅव्हलिंग, म्हणजे बॉल हातात घेऊन जास्त पावलं टाकण्याची चूक, ठरू शकतात. धावता धावता बॉल हातात घेताना जमिनीवर असलेला पाय सोडून पुढची दोन पावलं, हे फिबाच्या (जागतिक बास्केटबॉल संघटनेच्या) नियमात २०१७ पासून आहे. त्याहून एक पाऊल जास्त झालं की शिटी वाजते. शूटिंग हळू वेगाने बघून पावलं मोजा आणि मगच ती चाल हजार वेळा करा.

पाय, उडी आणि खाली उतरणं

उंच उडायचं सगळ्यांना असतं. घोटे आणि गुडघे जातात ते मात्र उतरताना. म्हणून पहिले दोन आठवडे उडी नाही, फक्त उतरणं. साधारण ३० सेंटिमीटर उंचीची पायरी किंवा भक्कम खोकं घ्या, त्यावरून एक पाय पुढे टाकून खाली या, दोन्ही पायांवर उतरा आणि तीन सेकंद स्थिर राहा. गुडघे पायाच्या बोटांच्या दिशेने, आत एकमेकांकडे अजिबात नाही. आवाज जितका कमी तितकं उतरणं चांगलं. पाच वेळा, तीन सेट, आठवड्यातून दोनदा. समोर मोबाइल ठेवून बघा, कारण गुडघे आत येतात हे स्वतःला जाणवत नाही. मुलींच्या टीमने हा भाग एकदाही चुकवू नये. उतरताना किंवा वळताना गुडघ्याचा लिगामेंट फाटण्याचा धोका मुलींमध्ये जास्त असतो.

तिसऱ्या आठवड्यापासून उड्या सुरू करा, दिवसाला ४० ते ६०, त्याहून जास्त नाही, आणि सलग दोन दिवस नाही. गुडघ्याच्या वाटीच्या खाली टोचल्यासारखं दुखू लागलं तर उड्या निम्म्या करा आणि भिंतीला पाठ टेकून खुर्चीसारखं ४५ सेकंद बसा, पाच वेळा, रोज. दुखणं दाबून खेळत राहिलात तर ते सीझनभर सोबत येतं.

ताकदीचे दिवस आठवड्यात दोन. कॉलेजच्या जिमखान्यात डंबेल असतील तर उत्तम, नसतील तर घरातला पाण्याचा २० लिटरचा जार म्हणजे २० किलो. तो छातीशी धरून बैठका आठ, तीन सेट. पाठ सरळ ठेवून कमरेतून वाकत मांडीच्या मागचा भाग ताणणारी डेडलिफ्ट आठ, तीन सेट. मागचा पाय बाकावर ठेवून एका पायाची बैठक, प्रत्येकी आठ. पुश-अप्स आणि पुल-अप्स. एका पायावर टाच उचलणं १५, तीन सेट. प्रत्येक सेट संपताना अजून दोन काढता आले असते असं वाटलं पाहिजे. ताकदीच्या लागोपाठच्या दोन दिवशी हे सोपं गेलं की दोन-अडीच किलो वाढवा, एकदम दहा नाही.

आता घोटा, कारण बास्केटबॉलमध्ये सगळ्यात जास्त तोच मुरगळतो आणि सगळ्यात कमी लक्ष त्याच्याकडे असतं. रोज दात घासताना एका पायावर उभे राहा, दोन मिनिटांत दोन्ही पाय. दोन आठवड्यांनी तेच डोळे मिटून, मग उशीवर. एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा मुरगळतो तो तोल परत न कमावल्यामुळे, तेव्हा ज्यांचा आधी गेलाय त्यांनी हे कधीच सोडू नये. नव्याने मुरगळला तर त्या दिवशी खेळ बंद, पट्टी बांधून पाय उंच ठेवा. चार पावलं चालता येत नसतील किंवा घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेवर दाबून दुखत असेल तर एक्स-रे काढायलाच हवा. तेल लावून चोळणं पहिले दोन दिवस नको, त्याने सूज वाढते.

दम

पाम बीच रोडच्या फुटपाथवर किंवा उपवन तलावाभोवती पाच-सहा किलोमीटर धावणं पहिल्या तीन आठवड्यांत ठीक आहे, त्यापुढे नाही. बास्केटबॉल लांब पळण्याचा खेळ नाही, दहा-पंधरा सेकंद जीव तोडून धावायचं आणि तेवढ्यातच सावरायचं. चौथ्या आठवड्यापासून कोर्टच्या रुंदीवर धावा. १५ मीटरची रुंदी एका मिनिटात १७ वेळा गाठायची, रेषेला प्रत्येक वेळी पाय लागला पाहिजे. असं एक मिनिट, दोन मिनिटं विश्रांती, पुन्हा एक. सुरुवातीला दोन, आठव्या आठवड्यापर्यंत चार. १७ पूर्ण होत नसतील तर १५ पासून सुरू करा, पण रेषा चुकवून १७ मोजू नका.

चढावर धावायला ठाणेकरांना येऊर आहे आणि बेलापूरकरांना पारसिकचा डोंगर. चढावर गुडघ्यांवर भार कमी येतो आणि मांड्या चांगल्या तयार होतात. येऊरला उजाडल्यावरच आणि तिघं-चौघं मिळून जा, तिथे बिबट्याचा वावर आहे. उतरताना चालत या.

जून ते ऑगस्ट: पावसातलं वेळापत्रक

मुंबईचा पाऊस साधारण ११ जूनच्या सुमारास येतो आणि उघडी कोर्टं दोन-तीन महिने बेभरवशाची होतात. सिमेंटवर आठवड्याभरात शेवाळ धरतं. ते डोळ्यांना हिरवं दिसण्याआधीच बुटांना निसरडं लागतं. पाऊस थांबल्यावर कोर्ट कोरडं दिसलं तरी आधी सावलीतला कोपरा बुटाने घासून बघा. घसरला की त्या दिवशी फक्त जागेवरचे शॉट. ताठ काथ्याच्या झाडूने आणि थोड्या ब्लीचिंग पावडरने आठवड्यातून एकदा घासलं तर कोर्ट वापरण्याजोगं राहतं. सोसायटीच्या ऑफिसला आधी सांगा आणि पावडर टाकल्यावर भरपूर पाण्याने धुवा.

हॉल मिळाला तर तास मोजून मिळतो, म्हणून हॉलचा वेळ फक्त शॉट आणि फाइव्ह-ऑन-फाइव्हला द्या. ड्रिबल, ताकद, घोटा हे घरी आणि पार्किंगमध्ये. हॉलमध्ये शिरताना बूट ओल्या फडक्यावर पुसा, बाहेरची माती लाकडी फ्लोअरवर आली की सगळेच घसरतात. भिजलेले बूट उन्हात किंवा गीझरजवळ ठेवू नका, सोलचा गोंद सुटतो. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून पंख्याखाली ठेवा, दोन तासांनी बोळे बदला.

ठाणे स्टेशनबाहेर किंवा तुर्भ्याला पाणी साचलेलं असताना गुडघा खरचटलेला खेळाडू त्यातून चालत जातो, हे दर पावसाळ्यात दिसतं. त्यातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा ताप) होऊ शकतो. घरी पोचल्यावर साबणाने पाय धुवा आणि त्याच किंवा दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना विचारा, ताप येण्याची वाट बघू नका.

पावसामुळे दहाऐवजी सहाच जण आले तर हिरमुसू नका, थ्री-एक्स-थ्री खेळा. हाफ कोर्ट, १२ सेकंदांत शॉट, दहा मिनिटं किंवा २१ पॉइंट. लपायला जागाच नसते, प्रत्येकाला बॉल हाताळावा लागतो, डिफेन्स करावा लागतो. तुमची निवडलेली गोष्ट यात घाला: डावा हात दुरुस्त करणाऱ्याला फक्त डावीकडून ड्राइव्ह करायची मुभा. हरलात तरी चालेल. टीम थोडी चांगली झाली की रविवारी लोकलने नागपाड्याला जाऊन तिथल्या खेळाडूंशी खेळा. मुंबईच्या बास्केटबॉलचं ते जुनं ठाणं आहे आणि तिथे अंगाला अंग लागतं.

पाणी आणि ताट

मेमध्ये सकाळी साडेसहा ते साडेआठ किंवा संध्याकाळी सहानंतरच सराव. सरावाआधी आणि नंतर वजन करा. ६५ किलोचा खेळाडू १.३ किलोने उतरला तर वजनाच्या दोन टक्के पाणी गेलं आणि वेग आधीच पडला आहे. दर १५-२० मिनिटांनी कपभर पाणी, आणि नंतर जितकं वजन घटलं त्याच्या दीडपट पाणी पुढच्या काही तासांत. बाटलीत नुसतं पाणी नको. एक लिटरला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, वर लिंबू. कोणी असंबद्ध बोलू लागला किंवा झोकांड्या खाऊ लागला तर त्याला सावलीत आडवा करून अंगावर थंड पाणी ओता आणि दवाखाना गाठा. "थोडं बसू दे" म्हणू नका.

ताकदीचं काम करणाऱ्याला वजनाच्या प्रत्येक किलोमागे रोज साधारण दीड ग्रॅम प्रथिनं लागतात. ६५ किलोला शंभर ग्रॅमच्या आसपास. चार अंडी २४, दोन ग्लास दूध १६, ५० ग्रॅम सोया चंक्स २५, मूठभर फुटाणे सहा, वाटीभर मटकीची उसळ आठ-नऊ, जेवणातली डाळ-पोळी पंधरा-वीस. पावडरचा डबा विकत न आणताही ताट पुरतं. श्रावण पाळणाऱ्यांची अंडी-मासे एकदम बंद होतात आणि नेमकं तेव्हाच काम सर्वांत जड असतं, तेव्हा सोया, पनीर आणि दूध आठवडाभर आधीच वाढवा. ट्रान्स हार्बर लोकलने तासभर प्रवास करून येणाऱ्यांनी सरावाच्या दीड तास आधी काहीतरी खाऊन निघावं, केळं आणि चपाती-भाजी उत्तम. वडापाव सरावानंतर.

शेवटचे दोन आठवडे

ठाण्यात राहून गोविंदा पथकात नसलेला खेळाडू विरळाच. पथकात असाल तर जुलैतच सरांना सांगा. रात्रीच्या थरांचा सराव म्हणजे खांद्यांचा आणि मांड्यांचा पूर्ण दिवसाचा भार. त्या दिवशी वजनं नाहीत, उड्या नाहीत. वरच्या थरावर जाणाऱ्यांनी मनगटाची काळजी घ्यावी, पडताना हात टेकला जातो आणि शॉटचा हातच जातो.

उडी, फ्री थ्रो, मिकन आणि कोर्टची रुंदी मिनिटात किती वेळा गाठली, हे चारही आकडे दर चार आठवड्यांनी एकाच वहीत लिहा. उडीसाठी भिंतीपाशी उभं राहून हात वर करा आणि बोटं पोचतात तिथे खडूची खूण करा. मग बोटांना खडू लावून उडी मारा, दोन खुणांमधलं अंतर टेपने मोजा, तिनांतली चांगली उडी धरा. चार आठवड्यांत आकडा हलला नसेल तर मेहनत वाढवण्याआधी झोप बघा. साडेसहाचा सराव आणि रात्री दीडपर्यंत मोबाइल हे गणित जमत नाही.

पहिल्या मॅचच्या दोन आठवडे आधी वजनांचे सेट तीनवरून दोनवर आणा, उड्या निम्म्या करा, शॉट तेवढेच ठेवा. नवे बूट याच काळात घालायला काढा, मॅचच्या दिवशी नाही. आणि स्पर्धेच्या हॉलमध्ये वॉर्मअप आधी मिळाला तर पहिली पाच मिनिटं थ्री मारू नका. एक मीटरवरून एका हाताने दहा शॉट टाका, त्या रिंगची उसळी आणि बोर्डाचा आवाज हाताला ओळखीचा होऊ द्या, मग मागे सरका.